अत्यवस्थ रुग्णाचे बिल कोण तपासणार?

प्रति,
राज्याचे मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, नागपूरचे मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि नागपूर महानगरपालिकेचे मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी यांस,



मध्यरात्री अत्यवस्थ माणसाला घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाला भाव विचारता येत नाही. विचारला तरी दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय त्याला नसते. हे पत्र त्यासाठीच आहे. भिवापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात विचारा, कुणाच्या ना कुणाच्या घरात नागपूरच्या एखाद्या दवाखान्याचे बिल जपून ठेवलेले सापडेल. लोक ते फाडत नाहीत आणि त्याबद्दल भांडतही नाहीत. भांडायचे कुठे, हेच त्यांना कुणी सांगितलेले नाही.

भिवापूर नागपूरपासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर आहे. आमच्या मिरचीचे नाव भौगोलिक मानांकनापर्यंत पोचले, पण मिरचीला पाणी देणाऱ्या माणसाला आजही बऱ्याचदा रात्री वावरात जावे लागते, कारण शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि एक पाळी रात्रीची असते. माझ्या मामांना अशाच रात्री धुऱ्यावर साप चावला. घोणस असावी असे पाहणाऱ्यांनी सांगितले. भिवापूरच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यावर लगेच उपचार सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे ठेवले. ते गोठले नाही, म्हणजे विष अंगात भिनले होते. त्यांनी प्रतिसर्पविषाची पहिली मात्रा दिली आणि मूत्रपिंडाला धोका दिसतो म्हणून नागपूरच्या मेडिकलची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, चिठ्ठी लिहिली. या सगळ्याचा एक रुपयाही लागला नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यभर मोफत आहेत आणि भिवापुरात त्या रात्री ते खरोखर मोफतच मिळाले. त्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे ऋण आम्ही मानतो.

बिलाची गोष्ट त्यापुढच्या पाऊणशे किलोमीटरांत सुरू झाली. सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघून गेली होती. त्यात कुणाचा दोष नाही. खाजगी गाडी केली. उमरेड गेल्यावर चालकाने सांगायला सुरुवात केली, ‘मेडिकलमध्ये खाट भेटत नाही, आयसीयू फुल्ल आहे, माझ्या ओळखीचा दवाखाना आहे.’ मामी बाजूला बसलेल्या, मामांच्या हिरड्यांतून रक्त येत होते. अशा वेळी माणूस चालकाचे ऐकतो. दिघोरी ओलांडली की मेडिकल फार लांब नाही, पण गाडी तिकडे वळलीच नाही.

ज्या खाजगी दवाखान्यात ती थांबली, त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. आमची लेखी तक्रार दिलेली आहे आणि तिचा निकाल या पत्रातून लागावा अशी माझी इच्छा नाही. तिथे आधी 50 हजार रुपये भरायला सांगितले. एवढी रक्कम रात्री कुणाच्या खिशात असते? मिरचीच्या आडत्याला झोपेतून उठवून, येणाऱ्या मालावर उचल घेऊन ती भरली. एकूण खर्च ‘साठ-सत्तर हजार’ होईल असे तोंडी सांगितले. मामांना घरी सोडले त्या दिवशी हातात पडलेले बिल 2 लाख 31 हजारांचे होते आणि त्यात ओळी होत्या मोजून सहा: खाट, अतिदक्षता, डॉक्टर, औषधे, तपासण्या, इतर. ‘इतर’ची रक्कम खाटेच्या रकमेपेक्षा मोठी होती.

मामा बरे झाले, चालते-फिरते आहेत. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रात्रभर जागून त्यांना सांभाळले, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या कामाचे पैसे द्यायला आम्ही कधीच नकार दिला नाही. आमचे भांडण एवढेच आहे की, आम्ही कशाचे पैसे दिले ते आम्हाला कळले पाहिजे.

तपशीलवार बिल मागितले तेव्हा खिडकीवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी नवल पाहिले. पुष्कळ खेटे घातल्यावर ते मिळाले. प्रतिसर्पविषाच्या 30 व्हायल औषधांच्या बिलात लावलेल्या होत्या. रुग्णाच्या केसपेपरवर परिचारिकेच्या सहीने नोंद होती ती 20 व्हायलची. रात्री दाखल केले म्हणून प्रत्येक तपासणीवर वेगळा आपत्कालीन आकार लावलेला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झालेल्या तपासण्यांवरसुद्धा. एका तज्ज्ञाच्या रोजच्या भेटीची फी होती, पण केसपेपरवर त्यांची नोंद एकाच दिवशीची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारले तेव्हा ‘ही केस योजनेत बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तेही तोंडी. तेच लिहून द्या म्हटले, तर कुणी लिहून दिले नाही.

मंत्रिमहोदय, कायदा मुळीच नाही असे आमचे म्हणणे नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 चा आहे आणि त्याखालचे सुधारित नियम जानेवारी 2021 मध्ये आले. मी ते मन लावून वाचले आणि चांगले वाटले. रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची, खाटेचे, अतिदक्षतेचे, डॉक्टरांच्या भेटीचे दर फलकावर लिहायचे, पैशांसाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवायचे नाही, अत्यवस्थ रुग्णाला पैशांचा विचार न करता आधी जीव वाचवणारे उपचार द्यायचे, आणि स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक चालवायचा, हे सगळे त्यात आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर त्याची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. तो नियम तर 2002 सालापासून आहे.

या नियमांचे वजन किती, ते एप्रिल 2025 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे 10 लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला, पुढे दुसरीकडे बाळंतपणानंतर ती माता दगावली, लोक रस्त्यावर आले, चौकशी समित्या बसल्या, आणि मग रुग्णालयाने आपत्कालीन रुग्णांकडून अनामत घेणार नाही असे जाहीर केले. पुण्यात वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे होते. भिवापूरहून निघालेल्या गाडीमागे कोणता कॅमेरा येतो? नियमाची अंमलबजावणी एखाद्या मरणाच्या बातमीवर अवलंबून राहिली, तर ज्यांचा माणूस वाचला आणि घर कर्जात बुडाले त्यांच्याकडे कुणाचेही लक्ष जाणार नाही. अशीच घरे जास्त आहेत.

तक्रारीचे आमचे अनुभव फार लांबवत नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने हद्दीचा प्रश्न काढला. रुग्ण ग्रामीण भागातला आणि दवाखाना शहरातला. म्हणजे तालुक्याने म्हणायचे शहराचे आहे, शहराने विचारायचे तुम्ही कुठले. नागपूरला उपचार घेणारा निम्मा पूर्व विदर्भ असाच बाहेरगावचा आहे. नागभीड, ब्रह्मपुरी, पवनी, गडचिरोलीची माणसे याच रस्त्याने किंवा याच्या आसपासच्या रस्त्यांनी येतात. त्यांनी तक्रारीसाठी मजुरी बुडवून परत नागपूरला यायचे आणि कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर जायचे ते शोधत फिरायचे, ही व्यवस्था तक्रार घेण्यासाठी नसून तक्रार न येण्यासाठी आहे असे मला वाटते.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, हे मला ठाऊक आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि 2019 च्या कायद्यानंतर 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण आडत्याचे व्याज आयोगाच्या तारखेसाठी थांबत नाही. आयोग शेवटचा दरवाजा असावा, पहिला नव्हे.

आता मुख्य मुद्दा. बिल तपासता येते का? येते, आणि याच नागपुरात ते तपासले गेले आहे. कोविडच्या काळात, 21 मे 2020 च्या आदेशाने, सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते: साध्या खाटेला दिवसाला 4 हजार, अतिदक्षता विभागात 7 हजार 500, व्हेंटिलेटरसह 9 हजार. शहराशहरांत लेखापरीक्षक नेमले गेले. नागपूर महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी जादा आकारणीबद्दल रुग्णालयांना नोटिसा काढल्या. एक लेखापरीक्षक, एक दरपत्रक आणि एक सही, एवढ्यावर कुटुंबांना दिलासा मिळू शकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. महामारी सरली आणि लेखापरीक्षक आपापल्या टेबलांवर परत गेले. घोणशीचे विष आणि हृदयविकाराचा झटका मात्र महामारीबरोबर गेले नाहीत.

ती व्यवस्था पुढे का टिकली नाही, याचे एक कारण नागपुरातच आहे आणि ते सरकारने नीट समजून घ्यावे. कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर सरकारने अधिसूचनेने बांधले होते. त्याला नागपूरच्या रुग्णालयांच्या संघटनेने आव्हान दिले आणि ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो भाग रद्द केला. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर अशा अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, असे न्यायालयाने म्हटले. मी या निकालाकडे रुग्णांचा पराभव म्हणून पाहत नाही. अधिसूचना चालत नसेल तर रस्ता एकच उरतो: विधिमंडळाने कायदा करावा. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपला स्वतःचा करू असे म्हटले गेले, मसुदे झाले, आणि मसुद्यांवर वर्षे गेली.

इतर राज्यांनी काय केले ते पाहा. पश्चिम बंगालने 2017 मध्ये कायदा करून एक आयोग स्थापन केला. तिथे रुग्ण बिलाची तक्रार करतो, आयोग रुग्णालयाला बोलावतो आणि जादा घेतलेले पैसे परत द्यायला सांगू शकतो. त्याच राज्यातून 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालये एकामागून एक जागा नाही म्हणून परत पाठवत गेली, आणि शेवटी खाजगी दवाखान्यात त्याचे सुमारे 17 हजार रुपये खर्च झाले. न्यायालयाने राज्याला 25 हजारांची भरपाई द्यायला लावली आणि वेळेवर आपत्कालीन उपचार न देणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असे सांगितले. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. अमेरिकेसारख्या महागड्या देशातही 1 जानेवारी 2022 पासून असा कायदा लागू आहे की, विमा असलेल्या माणसाला आपत्कालीन उपचारासाठी त्याच्या विम्याच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात नेले, तरी रुग्णालयाने वरची रक्कम त्याच्याकडून वसूल करायची नाही. त्या कायद्यातून रस्त्याने धावणारी रुग्णवाहिका मात्र सुटली आहे, आणि त्यावरून तिथेही वाद चालू आहे. उमरेड रस्त्यावर आमच्या चालकाने जे केले, ते आठवून मला त्या वादाचे मर्म लगेच कळले.

त्या चालकाला दवाखान्याकडून काही मिळाले की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ‘कट प्रॅक्टिस’, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दलचे कमिशन, हा शब्द महाराष्ट्रात नवा नाही. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर नाव असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्याला आलेल्या 1,200 रुपयांच्या कमिशनच्या धनादेशाविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. 2017 साली राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून कट प्रॅक्टिस रोखणारा मसुदा करवून घेतला. तो मसुदा कायदा झाला नाही. रुग्ण आणून देण्याचे पैसे कुणाला तरी जात असतील, तर ते शेवटी त्याच रुग्णाच्या बिलातून निघतात.

डॉक्टर मंडळींची बाजू मला दिसत नाही असे नाही. चोवीस तास अतिदक्षता विभाग चालवायला खर्च येतो. जन आरोग्य योजनेचे पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी रुग्णालयांची तक्रार आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. सरकारने फुकट करा म्हणायचे आणि पैसे थकवायचे, याने रुग्ण आणि डॉक्टर दोघेही एकमेकांचे वैरी होतात. म्हणून आमची मागणी स्वस्ताईची नाही. दर आधी ठरलेला असावा, लिहिलेला असावा आणि नंतर कुणीतरी तो तपासावा, एवढीच आहे. आजार येण्याआधी दर ठरवणे विदर्भाला नवीन नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांसाठी अशी योजना चालवली होती की, पीक निघाल्यावर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि उपचारांची हमी घ्यायची.

उपचारांच्या पैशांची सोय आधीच ठरवून ठेवण्याचे हे तत्त्व अपघातांच्या बाबतीत केंद्र सरकारनेही मान्य केले आहे. 5 मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना आहे. उमरेड रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेला माणूस या संरक्षणात येतो. त्याच रस्त्याच्या कडेच्या वावरात साप चावलेला माणूस येत नाही. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. त्या आराखड्यात वाचलेल्या माणसाच्या कर्जाचाही विचार व्हावा.

जिल्हाधिकारी साहेब, आपल्याकडून कायद्याची वाट न पाहता होण्यासारखे काम आहे. प्रत्येक तहसील कार्यालयात रुग्णालयाच्या बिलाची तक्रार घेणारी एक खिडकी उघडा. तक्रार तिथे द्यायची आणि पोच तिथेच घ्यायची, मग दवाखाना शहरातला असो की गावातला; हद्दीचा घोळ कार्यालयांनी आपसांत सोडवायचा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी यांना विनंती आहे की, 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार क्रमांक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर, प्रत्येक रुग्णवाहिकेच्या आत आणि नागपूरच्या प्रत्येक खाजगी दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावून घ्यावा. रेफर चिठ्ठीवरच लिहावे की चालकाने रुग्णाला कुठे न्यायचे, आणि मेडिकलच्या अतिदक्षता विभागात खाट आहे की नाही, हे रुग्णालयाने फोनवर विचारून त्याच चिठ्ठीवर नोंदवावे. मग ‘खाट भेटत नाही’ हे वाक्य चालकाच्या तोंडी उरणार नाही. योजनेत बसत नाही असे कुणी म्हटले, तर ते त्याच्याकडून सही-शिक्क्यासह लिहून घेण्याची सक्ती करावी.

वाचकांनाही एक सांगतो. नातेवाईक आत असताना बाहेर बसलेल्यांपैकी एकाने रोजचे बिल रोज मागावे, केसपेपरच्या प्रतीसाठी पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारावे आणि त्या योजनेच्या 155388 या क्रमांकावर स्वतः फोन करावा. औषधे त्याच दवाखान्यातल्या दुकानातून घेण्याची सक्ती नाही. तपशील मिळेपर्यंत पावतीवर ‘रक्कम मान्य नाही, तक्रारीसह भरली’ असे लिहूनच सही करावी. आम्ही तसे लिहिले म्हणून आज आमच्या तक्रारीला काही आधार आहे.

मंत्रिमहोदय, विधेयक तयार करायला फार काळ लागू नये. बंगालचा आणि राजस्थानचा कायदा समोर आहे, 2021 चे आपलेच नियम आहेत, कोविडमधल्या लेखापरीक्षणाचा अनुभव आहे, आणि कुठे अडते ते नागपूर खंडपीठाने आधीच दाखवून दिले आहे. आपत्कालीन उपचारांचे दर बांधणारा, तपशीलवार बिल सक्तीचे करणारा आणि जिल्ह्यातच ठरलेल्या मुदतीत बिलाचा निर्णय देणारा अधिकारी नेमणारा कायदा आम्हाला हवा आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. विधेयक तिथेच मांडा. भिवापूरहून आम्ही ते ऐकायला येऊ.

आपला,
भिवापूर (जि. नागपूर) येथील एक रहिवासी